अर्धा वाचलेला निकाल

विलेपार्ले विधानसभा मतदारसंघातील १९८७ सालची पोटनिवडणूक शिकवली गेली पाहिजे, आणि तीही राज्यशास्त्राच्या नव्हे तर मराठीच्या वर्गात, असे आमचे म्हणणे आहे. कारण त्या निवडणुकीचा खटला हा मुळात मराठी वाक्यांच्या अर्थाविषयीचा खटला होता.

आधी हकीकत. शिवसेनेचे उमेदवार डॉ. रमेश प्रभू १३ डिसेंबर १९८७ च्या मतदानात निवडून आले. पराभूत काँग्रेस उमेदवार प्रभाकर कुंटे न्यायालयात गेले. पुराव्यात होती बाळासाहेब ठाकरे यांची तीन प्रचारभाषणे. ही निवडणूक हिंदुत्वाच्या रक्षणासाठी लढवीत आहोत, मुसलमानांच्या मतांची पर्वा नाही, असा त्यांतला आशय. मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निवड रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पक्षाच्या सर्वोच्च नेत्याने अशी भाषा वापरावी याबद्दल न्यायमूर्तींनी खेदही नोंदवला. पुढे १९९९ च्या आदेशाने ठाकरे यांचा मताधिकार १९९५ पासून सहा वर्षांसाठी काढून घेतला गेला.

एवढे घडूनही लोकांच्या स्मरणात या निकालातले काय उरले? तर ‘हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे’ एवढेच! ज्यांच्या विरोधात निकाल गेला, त्यांनीच त्यातली व्याख्या प्रमाणपत्रासारखी मिरवली. आणि जे स्वतःला पुरोगामी म्हणवतात, तेही याच एका वाक्यावर बोट ठेवून न्यायालयाला दोष देत राहिले. दोघांनीही अर्धाच निकाल वाचला. उरलेल्या अर्ध्यात न्यायालय स्पष्टपणे सांगते, की सुटा शब्द दोषी ठरत नाही; तो कुठे, कशासाठी उच्चारला हे पाहावे लागते. पार्ल्यातल्या भाषणांचे तसे परीक्षण झाले आणि ती दोषी ठरली.

मात्र न्यायालयाने हा दंडक सर्वत्र पाळला असे म्हणवत नाही. ‘जीवनपद्धती’ची कल्पना येते ती न्या. गजेंद्रगडकर यांच्या १९६६ च्या निकालातून. तिथे प्रश्न मंदिरप्रवेशाचा होता. स्वामिनारायण पंथीय आपण हिंदू नाही असे सांगून हरिजनांना मंदिरात येण्यापासून रोखू पाहत होते, आणि त्यांना उत्तर देताना हिंदू धर्माचे व्यापक वर्णन केले गेले. दार उघडण्यासाठी योजलेले ते शब्द एकोणतीस वर्षांनी प्रचारसभेतल्या शब्दाची व्याख्या करायला वापरले गेले. ‘हिंदुत्व’ या शब्दाला सावरकरांच्या १९२३ च्या ग्रंथापासून स्वतंत्र इतिहास आहे, पितृभू-पुण्यभूची कसोटी आहे. व्याख्येत मात्र त्याचा मागमूस नाही.

त्याच दिवशी मनोहर जोशी यांच्या १९९० च्या दादरमधील निवडणुकीचाही निकाल लागला. पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल, हे विधान म्हणजे केवळ आशा, असे न्यायालयाने मानले. इथे मराठीच्या कोणत्याही शिक्षकाने हात वर करायला हवा होता. प्रचाराच्या व्यासपीठावरचा भविष्यकाळ व्याकरणातला साधा भविष्यकाळ नसतो. ‘होईल’ या क्रियापदामागे ‘तुम्ही मत दिलेत तर’ ही अट अध्याहृत असते. आशा घरात बसून करता येते. मतदारांसमोर केलेली आशा ही मागणीच असते.

वर्गात आपण हेच शिकवतो ना? अभिधा, लक्षणा, व्यंजना यांची टिपणे आपण वर्षानुवर्षे उतरवून देतो. व्यंग्यार्थ वक्ता, श्रोता, प्रसंग आणि आवाजाचा चढउतार यांवर अवलंबून असतो, हे मम्मटाच्या आधारे सांगतो. मग विद्यार्थी परीक्षेत एका श्लोकाचा व्यंग्यार्थ उलगडतो आणि संध्याकाळी मैदानावरचे भाषण ऐकून ‘ते तसे काही म्हणाले नाहीत’ असे म्हणतो. हा दोष विद्यार्थ्याचा नव्हे. आपण त्याला मेलेल्या वाक्यांवर शस्त्रक्रिया शिकवली. जिवंत वाक्याच्या जवळ जाऊ दिले नाही.

यावर आक्षेप येईल, की हे वकिलांचे काम आहे, साहित्याच्या प्राध्यापकांनी राजकारणात पडू नये. पण २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठात चार विरुद्ध तीन अशी फूट पडली ती कशावरून? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) मधील ‘त्याचा’ या सर्वनामावरून! हा धर्म केवळ उमेदवाराचा की मतदाराचाही? बहुमताने व्यापक अर्थ स्वीकारला. ‘हिंदुत्वा’ची व्याख्या मात्र त्या पीठाने पुन्हा तपासली नाही. लोकशाहीचे भवितव्य एका सर्वनामावर टांगलेले असताना भाषेच्या अभ्यासकांनी तटस्थतेचा आव आणावा, याला अलिप्तता म्हणत नाहीत, पळपुटेपणा म्हणतात.

पार्ल्यातली भाषणे मराठीत झाली, मराठी श्रोत्यांनी ऐकली, आणि त्यांच्या अर्थाचा निवाडा इंग्रजीत झाला. त्या निवाड्याविषयी मराठीच्या विभागांनी काय लिहिले? आपल्या भाषेतल्या शब्दांचा अर्थ आपण सांगितला नाही, तर तो दुसरे कोणी सांगेल आणि आपण तो मुकाट्याने पाठ करू. गेली तीन दशके आपण तेच करीत आलो आहोत.