नादारीची लाज कोणी धरायची?



जप्तीची नोटीस आली की आपण तोंड लपवतो, सोसायटीचा सचिव दिसला की वाट बदलतो. मुंबईत वरळी-परळला काय झाले ते आठवा. आपल्याच कापसावर चाललेल्या गिरण्या बुडीत निघाल्या, पण मालकांनी तोंड लपवले नाही. त्यांच्यासाठी 1985 साली आजारी उद्योगांचा कायदा झाला. 1991च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी झाली. 1982च्या संपात उतरलेल्या अडीच लाख कामगारांपैकी हजारो देशोधडीला लागले. 2016 साली कंपन्यांसाठी दिवाळखोरीची नवी संहिता आली. कारखाना बुडाला तर तो आजारी, कोरडवाहू शेतकरी बुडाला तर तो बुडव्या! हा कुठला न्याय?

आपल्या वाट्याला आहे तो 1920चा प्रांतिक नादारी कायदा. 1980च्या दशकाच्या अखेरीला शेतकरी संघटनेने कर्जमुक्तीच्या लढ्यात तेच हत्यार उचलले, नादारीचे अर्ज भरले. कर्ज थकते ते शेतकऱ्याच्या नियतीत खोट आहे म्हणून नाही, कापूस-ज्वारीचा भाव खर्चाखाली दाबला जातो म्हणून.

पण हत्यार दुधारी आहे. वकिलाकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. सातबारा, आठ-अ, सोसायटीचा आणि बँकेचा खाते उतारा, सगळ्या नोटिसा, माल विकल्याच्या पट्ट्या, बी-खताच्या उधारीच्या चिठ्ठ्या न्या. सावकाराचे तोंडी कर्जही लिहून न्या. देणे कोणाचे, किती, केव्हाचे, याची यादी अर्जात द्यावीच लागते. काही लपवू नका. अर्जाआधीच्या दोन वर्षांत पोराच्या नावे फुकट जमीन करून दिली असेल, तर कोर्ट ते रद्द करू शकते.

मग वकिलाला रोखठोक विचारा. सातबारावर बोजा असलेल्या जमिनीचे काय? गहाणदाराचा हक्क नादारीने सुटत नाही. सरकारी देणेही सुटत नाही. औत-अवजारे, कसण्यापुरती जनावरे, बियाणे आणि राहते घर यांना दिवाणी कायद्याचे संरक्षण आहे. माझ्या बाबतीत ते कुठवर चालेल? नादार ठरल्यावर ग्रामपंचायतीला उभे राहता येत नाही, हे पत्करायचे का? नादारीतून मुक्तीचा वेगळा अर्ज कधी करायचा? फी किती? महिला, अनुसूचित जाती-जमाती, दुष्काळ-पुरात सापडलेले आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. ती मेहेरबानी नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे.

सगळ्यांनीच अर्ज करावा असे आम्ही म्हणत नाही. कोणाला फायदा, कोणाला तोटा, ते कागद पाहूनच ठरेल. पण एकेकटे झुरू नका आणि फास तर मनातही आणू नका. जिल्हा बैठकीला कागदांची पिशवी घेऊन या. हिशेब मांडू, आणि शेवटी देणेकरी कोण निघतो तेही पाहू.