बीएस्सीचं चौथं वर्ष संशोधनाचं. पण तेरच्या मुलांनी ते करायचं कुठे?
नव्या शैक्षणिक धोरणानुसार बीएस्सीचं चौथं वर्ष 'ऑनर्स विथ रिसर्च' म्हणून करता येतं. अट एकच, पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के. वर्षभरात १२ क्रेडिटचा प्रबंध, पुढे एमएस्सी एकाच वर्षात. कागदावर झकास! पण विभागात पीएचडीचे किमान दोन मान्यताप्राप्त मार्गदर्शक हवेत. ग्रामीण कॉलेजांचं घोडं इथेच अडतं. तेरच्या मुलीनं त्यासाठी छत्रपती संभाजीनगर गाठायचं, तर खोलीभाडं कोण भरणार? विषय तर गावातच आहे: पाण्यावर तरंगणाऱ्या प्राचीन विटा. त्या इतक्या हलक्या कशा, हा पदार्थविज्ञानाचाच प्रश्न. विद्यापीठाचं उपकेंद्र धाराशिवला आहे. तिथल्या मार्गदर्शकांकडे आसपासच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना प्रबंध करू द्यावा, हे तरी यंदा ठरवा.