अध्यापनशास्त्राचीं पुस्तकें आणि त्यांतून वगळलेलें मूल

आमच्या अध्यापक महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठीं पुस्तकें निवडण्याचें काम यंदा आमच्याकडे आलें, आणि त्या निमित्तानें 'सर्वसमावेशक शिक्षण', 'शैक्षणिक नेतृत्व' व 'अध्यापनाचीं तंत्रें' या विषयांवरील मराठी ग्रंथांचा एक मोठा ढीग आम्हांस साद्यंत वाचावा लागला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनें २०१४ सालच्या नियमांनीं बी. एड्. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला व त्यांत 'सर्वसमावेशक शाळेची निर्मिती' हा विषय घातला. तेव्हांपासून या ग्रंथांचें पीक विशेष जोमानें येऊं लागलें आहे. पीक अमाप आहे. परंतु कणसांत दाणा भरला आहे काय, हेंहि कोणीं तरी पाहिलें पाहिजे. आणि तें काम अप्रिय असलें तरी आम्हांस टाळतां येत नाहीं.

या ग्रंथांची घडण एकाच सांच्यांतली आहे. प्रथम परकी पंडितांच्या व्याख्या. मग त्या व्याख्यांचा अर्थ, जो व्याख्येहून अधिक दुर्बोध. मग प्रकार, वैशिष्ट्यें, महत्त्व, आणि शेवटीं परीक्षेस येणारे प्रश्न. १९९४ चा सालामांका येथील जाहीरनामा, २००९ चा शिक्षणहक्क कायदा, २०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा, हीं सर्व कलमें यथासांग उतरविलेलीं असतात, व तीं चुकीचीं आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. आमची तक्रार एवढीच कीं, या शेंकडों पृष्ठांत एकहि मूल नाहीं. 'अध्ययनार्थी' म्हणून कोणी आहे. पण त्यास वय नाहीं, गांव नाहीं, घरची निराळी बोली नाहीं, आणि तो कधीं चुकीचें उत्तर देत नाहीं. ज्यांत समावेशाचा एवढा घोष चालला आहे, त्या ग्रंथांतूनच मूल वगळलें गेलें आहे.

गेल्या वर्षींची एक गोष्ट सांगतों. आमची एक जुनी विद्यार्थिनी, सध्यां एका खेड्यांत तिसरीस शिकविणारी, भेटावयास आली. तिच्या वर्गांतील एका मुलीस ऐकूं कमी येतें. काय वाचूं, असें तिनें विचारलें. आम्हीं मोठ्या थाटानें एक जाडजूड ग्रंथ तिच्या हातीं ठेवला. महिन्याभरानें तो परत करतांना ती म्हणाली, "सर, श्रवणदोषाचे प्रकार मला आतां पाठ आहेत, पण मुलीला बसवूं कुठें?" या प्रश्नाचें उत्तर त्या ग्रंथांत नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आमच्याजवळहि नव्हतें. तिचें तिनेंच तें शोधून काढलें होतें. मुलीस पुढच्या बाकावर, शिक्षिकेचा चेहरा दिसेल अशी बसवावी. खिडकीकडे पाठ करून बोलूं नये, कारण मग उजेड आपल्या मागें जातो व ओठ दिसत नाहींत. फळ्याकडे तोंड करून तर मुळींच बोलूं नये. हीं तीन वाक्यें आम्हांस त्या ग्रंथाहून मोलाचीं वाटतात. तीस वर्षें आम्हीहि असल्याच ग्रंथांतून टांचणें घालून दिलीं आहेत. तेव्हां हा आरोप दुसऱ्यांवर लादून आम्ही मोकळे होऊं पाहतों असें कोणीं समजूं नये.

यावर असें उत्तर येतें कीं, शास्त्र हें सामान्य सिद्धान्तांचें असतें, एकेका मुलाच्या कहाण्यांचें नव्हे. ठीक, परंतु ज्या वैद्यकग्रंथांत एकहि रोगी नाहीं, त्याच्या भरंवशावर आपल्या मुलास औषध कोण देईल? शिवाय सामान्य सिद्धान्त तरी कोठून निघतात? ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ मध्यें बोर्डी येथें, व पुढें कोसबाडच्या टेकडीवर, काम मांडलें, तेव्हां आदिवासी मुलें शाळेंत येत नाहींत याचें कारण त्यांनीं व्याख्येंत शोधलें नाहीं. मूल गुरें राखतें म्हणून येत नाहीं, तर शाळाच कुरणांत न्यावी. थोरली बहीण धाकट्यास सांभाळते म्हणून येत नाहीं, तर धाकट्याचीहि सोय शाळेजवळ करावी. कुरणशाळा, अंगणवाडी हे शब्द त्या खटाटोपांतून आले. आजच्या ग्रंथकारांस सालामांका ठाऊक आहे, आणि कोसबाड मात्र एखाद्या तळटीपेंत!

'नेतृत्वा'ची कथा याहून करुण आहे. व्यापारी कंपन्यांच्या व्यवस्थापनग्रंथांतील दूरदृष्टी, प्रेरणा, संघबांधणी हे शब्द उचलून मुख्याध्यापकाच्या अंगावर चढविलेले असतात. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेंत वर्ग शिकवून पुन्हां पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब ठेवणाऱ्या गृहस्थानें कोणता संघ बांधावयाचा? जोतीराव फुले यांनीं १८८२ मध्यें हंटर आयोगापुढें केलेलें निवेदन पाहावें. प्राथमिक शाळेचे शिक्षक होतां होई तों शेतकरी वर्गांतून घ्यावे, म्हणजे ते लोकांत मिसळतील, आणि त्यांस महिना बारा रुपयांहून कमी पगार नसावा, असें त्यांनीं मागितलें. नेतृत्व हा शब्द त्यांस लागला नाहीं. पगाराचा आंकडा लागला.

आणि मुख्याध्यापकच पाहावयाचा असेल, तर तेत्सुको कुरोयानागी यांच्या 'तोत्तोचान' मधला कोबायाशी पाहावा. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या भाषांतरामुळें तो मराठींतहि आहे. त्याच्या शाळेंत ताकाहाशी नांवाचा, हातपाय आंखूड राहिलेला एक मुलगा होता. कोबायाशींनीं क्रीडादिनाच्या शर्यतीच अशा योजिल्या कीं आंखूड पाय हीच सोय ठरावी. जिना चढावयाचा तो एकेक पायरीनें, आणि पायऱ्या ठेंगण्या. ताकाहाशी पहिला आला. बक्षिसांत मुळे आणि पालकाच्या जुड्या होत्या! समावेश व नेतृत्व या दोन्ही प्रकरणांचा ऐवज एका जिन्यांत आला आहे, आणि आमच्या ग्रंथालयांत हें पुस्तक बालवाङ्मयाच्या कपाटांत पडून होतें.

तें आम्हीं काढून शिक्षणशास्त्राच्या कपाटांत ठेवविलें आहे. शेजारीं अनुताईंचें 'कोसबाडच्या टेकडीवरून'. ढिगांतील चौदा ग्रंथ खरेदीच्या यादींतून वगळले. अभ्यासक्रमांत लागणारी पुस्तकें ग्रंथालयांत नसलीं तर विद्यार्थी परीक्षा कशी देणार, असा लेखी आक्षेप आमच्या एका सहकाऱ्यांनीं घेतला आहे, व तो निराधार नाहीं. म्हणून त्यांतील दोन ग्रंथ ठेवावे लागले.