सुई गेली, तरी फ्रिज हवाच

पवईच्या आयआयटी मुंबईत, एरोस्पेस विभागात, एक वेगळीच सिरिंज तयार झाली आहे. तिला सुई नाही. दाबाखालच्या नायट्रोजन वायूतून आघाततरंग उठतो आणि त्याच्या रेट्याने औषधाची बारीक धार थेट त्वचेत शिरते. नोझलचे तोंड १२५ मायक्रॉनचे, म्हणजे साधारण केसाच्या जाडीचे. धारेचा वेग उड्डाण घेणाऱ्या विमानाच्या जवळपास दुप्पट. प्रा. विरेन मेनेझिस, प्रियांका हंकारे आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. मधुमेही उंदरांना या सिरिंजने इन्सुलिन दिले, तेव्हा सुईच्या तुलनेत त्यांची साखर जास्त वेळ आटोक्यात राहिली. माणसांपर्यंत पोहोचायला अजून अवकाश आहे.

या सिरिंजची वाट पाहणारे थोडेथोडके नाहीत. टाइप १ मधुमेह झालेल्या मुलाला दिवसाला तीन टोचण्या धरल्या तरी वर्षाला हजारावर होतात. रोज त्याच जागी टोचले की कातडीखाली गाठी धरतात, मग तिथे इन्सुलिन नीट शोषले जात नाही. सुईला घाबरून डोस चुकवणारी मोठी माणसेही कमी नाहीत. त्यामुळे सुई जाणार असेल, तर आनंदच आहे.

पण हीच बातमी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावर नेऊन पाहावी. इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. चैत्र-वैशाखात तापीकाठचा पारा चाळिशी ओलांडतो. सातपुड्यात विजेचा भरवसा नाही आणि कित्येक घरांत फ्रिज नाही. नर्मदेच्या फुगवट्यातल्या गावांना आरोग्यसेवा तरंगत्या दवाखान्यातून मिळते. काही पाड्यांवरून आजही रुग्ण बांबूच्या झोळीत खाली आणावा लागतो. अशा घरात सिरिंजला सुई आहे की नाही, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, आतले औषध शाबूत आहे का?

श्वासातून घ्यायच्या इन्सुलिनचेही तेच. फायझरचे 'एक्झुबेरा' २००६ साली मंजूर झाले आणि २००७ मध्ये बाजारातून गेले. त्यानंतर आलेल्या 'अफ्रेझा'ला डिसेंबर २०२४ मध्ये भारतात मंजुरी मिळाली, विक्रीचे हक्क सिप्लाकडे आहेत. ही पूड प्रौढांसाठी आहे, ती जेवणाच्या वेळी ओढायची. टाइप १ च्या रुग्णाला दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन त्याशिवाय टोचावेच लागते. दमा किंवा फुप्फुसाचा जुनाट आजार असेल, तर हे औषध चालत नाही. आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बाईला ते देण्याआधी फुप्फुसाची तपासणी व्हायला हवी. ती करणार कुठे? शिवाय त्याची सीलबंद पाकिटेही फ्रिजबाहेर दहाच दिवस चालतात.

उलट एक आधार देणारी गोष्ट २०२१ साली पुढे आली. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीत तापमान २५ ते ३७ अंशांत वरखाली होते. त्याच तापमानात चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनचा गुण कमी होत नाही, असे 'मेदसाँ सां फ्राँतिए' या वैद्यकीय संस्थेने आणि जिनिव्हा विद्यापीठाने दाखवून दिले. सातपुड्यातल्या घरांत माठ असतो. त्या माठातले तापमान या मर्यादेत राहते का, हे उन्हाळाभर मोजायचे आणि त्यावरून रुग्णाला ठाम सल्ला द्यायचा, याला मोठा निधी लागत नाही. आरोग्य खात्याने हे काम याच उन्हाळ्यात हाती घ्यावे.

सुईविरहित सिरिंजची मानवी चाचणी होईल, तेव्हा ती फक्त मुंबई-पुण्यात होऊ नये. धडगावच्या ग्रामीण रुग्णालयाचा तिच्यात समावेश हवा. तिथे नायट्रोजनचे सिलिंडर कोण भरणार, नोझलचा खर्च कोण उचलणार आणि प्रत्येक माणसाला वेगळे नोझल मिळणार का, हे तपासले जावे. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा. १९८५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका क्लिनिकमध्ये अशाच धारेच्या इंजेक्शन-यंत्रातून हिपॅटायटिस बी पसरला होता.

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबारच्याच टेंभली गावात दिला गेला. तेव्हा दिल्लीची सारी यंत्रणा या जिल्ह्यात आली होती. आता इन्सुलिनसाठी मुंबईने यावे.