कॉपीराइट संपला, तरी कुलूप कायम

साने गुरुजींचे निधन 11 जून 1950 रोजी झाले. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांवरचा हक्क 2010 अखेर संपला. बहिणाबाईंच्या कविता त्यांच्या पश्चात 1952 मध्ये छापून आल्या. मरणोत्तर साहित्याची 60 वर्षे प्रकाशनापासून मोजतात. त्या संग्रहातल्या कविता 2013 पासून सर्वांच्या झाल्या. 1936 च्या फैजपूर काँग्रेससाठी गावोगाव हिंडलेल्या गुरुजींचे आणि आसोद्याच्या लेकीचे, बहिणाबाईंचे, हे शब्द कोणीही छापावेत, मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करावेत. कायद्याची आडकाठी नाही. पण त्याच मजकुराच्या ई-पुस्तकावर विक्रेत्याने डिजिटल कुलूप घातले, तर ते 60 वर्षांनी आपोआप गळून पडत नाही. असे कुलूप उघडणारा वाचक गुन्हेगार ठरतो का?

भारतीय कायद्याचे उत्तर शहाणपणाचे आहे. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेले कलम 65अ कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडणे गुन्हा नाही. त्यात दुसऱ्याला मदत करणाऱ्याने मात्र त्याचे नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायची असते. दृष्टिहीनांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक करून देण्याची मुभाही याच दुरुस्तीने दिली. अमेरिकेने 1998 मध्ये उलटी वाट धरली आणि कुलूप तोडणे हेच मुळात बेकायदा ठरवले. ई-पुस्तकांची कुलपे उघडणारा प्रोग्रॅम लिहिला म्हणून दिमित्री स्क्ल्यारोव्ह या रशियन प्रोग्रॅमरला 2001 मध्ये तिथे अटक झाली. पुढे ज्यूरीने त्याच्या कंपनीला निर्दोष ठरवले. दर तीन वर्षांनी अपवाद जाहीर करण्याची वेळ त्या देशावर येते. स्वतःचा ट्रॅक्टर दुरुस्त करण्यासाठी त्यातल्या सॉफ्टवेअरचे कुलूप उघडण्याची परवानगी शेतकऱ्याला 2015 मध्ये अशीच मिळाली. यावल-रावेरच्या केळी उत्पादकाला अशी परवानगी मागावी लागू नये, म्हणून आपले हेतूचे कलम जपले पाहिजे.

मराठी प्रकाशकांची तक्रार खरी आहे. नव्या पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरली की लेखकाचे मानधन बुडते. पण छापील पुस्तक स्कॅन करून पीडीएफ बनवणाऱ्याला कोणतेच डिजिटल कुलूप अडवत नाही. त्याच्यासाठी कलम 63 आहे: सहा महिने ते तीन वर्षे कैद, 50 हजार ते दोन लाख रुपये दंड. ते कडकपणे लावावे. हेतू सिद्ध करणे अवघड असते, असाही आक्षेप घेतला जातो. पण किती प्रती काढल्या, कोणाला दिल्या, पैसे घेतले का, यावरून हेतू दिसतो. फौजदारी कायद्यात हेतू तपासणे न्यायालयांना नवे नाही.

खरी उणीव दुसरीकडे आहे. कायदा वाचकाला मुभा देतो, ती वापरण्याचे साधन देत नाही. तंत्र जाणणारा कुलूप उघडेल. अंध विद्यार्थ्याने किंवा तालुक्याच्या ग्रंथपालाने काय करावे? युरोपीय महासंघाच्या 2001 च्या निर्देशाने यावर उपाय सुचवला: ठरावीक अपवादांचा लाभ प्रत्यक्ष घेता यावा, अशी सोय हक्कधारकाने करावी, तो करत नसेल तर सरकारने करवून घ्यावी. आपल्या कायद्यात हे बंधन नाही, ते यायला हवे. मान्यताप्राप्त ग्रंथालयांना आणि अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थांना मागताच कुलूप नसलेली प्रत मिळावी, आणि मुदत संपलेल्या साहित्यावर कुलूप घालताच येऊ नये. प्रकाशकांनी तोवर थांबायचे कारण नाही. गुरुजींची आणि बहिणाबाईंची ई-पुस्तके त्यांनी आजपासूनच खुली विकावीत, आणि फैजपूरच्या धनाजी नाना महाविद्यालयापासून गावच्या वाचनालयापर्यंत प्रत्येक ग्रंथपालाने ई-पुस्तक घेताना तशी अट घालावी.