वानचे पाणी कोणाला विचारून?

आज २४ एप्रिल, पंचायत राज दिन. १९९३ साली याच तारखेला ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. महाराष्ट्रात पंचायत राज त्याच्याही आधी रुजले होते. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आणि नाईक पुसदचे, म्हणजे आपल्याच वऱ्हाडातले. हार-तुरे, सत्कार आज होतीलच. आपल्या जिल्ह्यातल्या ज्या तंट्यात ग्रामसभांना सर्वांत आधी विचारायला हवे होते, त्यात त्या कुठे होत्या, हेही आजच विचारलेले बरे.

तंटा वान धरणाचा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हारा तालुक्यात वारी भैरवगडजवळचे हे धरण, हनुमान सागर. बाळापूर मतदारसंघातल्या खारपाणपट्ट्यातील ६९ गावांना तिथून पिण्याचे पाणी आणायची योजना आखली गेली. तेल्हाऱ्याच्या कास्तकारांनी तिला विरोध केला. धरण सिंचनासाठी बांधले आणि एकेक पाणीपुरवठा योजना त्यातला ओलिताचा वाटा खात चालली, हे त्यांचे म्हणणे. २०२२ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री व जलसंपदामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी योजनेला स्थगिती दिली. एप्रिल २०२३ मध्ये आमदार नितीन देशमुख खारे पाणी सोबत घेऊन अकोल्याहून नागपूरला पायी निघाले. नागपूरच्या वेशीवर पोलिसांनी यात्रा अडवली. पातूर त्याच मतदारसंघात येते, म्हणून इकडे या प्रकरणाची चर्चा जास्त झाली. ती मात्र फडणवीस की देशमुख एवढ्यावरच अडकली.

खारपाणपट्टा काय चीज आहे हे पातूरकरांना सांगायला नको. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतली सुमारे ८९४ गावे या पट्ट्यात येतात. विहीर खोदा, बोअर मारा, लागते ते खारेच. ते माणसाला पिण्याजोगे नाही आणि वावरात सोडले तर जमीन चोपण होते. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याचा क्रम पहिला आहे, आणि आमच्या मते तो तसाच असला पाहिजे. ६९ गावांची मागणी रास्तच होती.

तरीही तेल्हाऱ्याच्या कास्तकाराला आडमुठा ठरवायला आम्ही तयार नाही. त्याच्या मनातली भीती हवेतून आलेली नाही. अमरावतीकडे बघा. मोर्शीजवळचे ऊर्ध्व वर्धा धरण ओलितासाठी म्हणून झाले. पुढे नांदगाव पेठच्या १,३५० मेगावॉटच्या औष्णिक वीजप्रकल्पाला त्यातले पाणी देण्याचे मुंबईत ठरले. सिंचनाचा अनुशेष म्हणून ज्या भागाच्या नावाने विधिमंडळात दर अधिवेशनात गळा काढला जातो, त्याच भागातले हे पाणी. अमरावतीत आंदोलने झाली, प्रकरण न्यायालयात गेले, प्रकल्प उभा राहिला. राज्यभरातल्या अशा वाटपांवर प्रश्न उठल्यावर २०११ साली जलनियमन प्राधिकरणाचा कायदाच दुरुस्त करून जुन्या निर्णयांना संरक्षण दिले गेले. हे पाहिलेल्या कास्तकाराला कोणी ‘पाणी फक्त पिण्यासाठी नेतो’ म्हटले, तर त्याने कशाच्या भरवशावर मान डोलवायची?

बाहेरची कंपनी आणि एकवटलेले गाव असा सामना असला की लोकशाहीचे काम त्या मानाने सोपे असते. रायगडात पेण तालुक्यातल्या २२ गावांनी २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई सेझवर मतदान केले. ती गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली होती, म्हणून तर कौल घ्यावा लागला. ओडिशात नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी २०१३ साली बॉक्साइटच्या खाणीला एकमुखाने नकार दिला. वानच्या प्रश्नात मात्र दोन्हीकडे आपलेच लोक आहेत. तेल्हाऱ्यातल्या ग्रामसभेने ‘नाही’चा ठराव केला आणि बाळापुरातल्या ग्रामसभेने ‘हो’चा, तर दोन्ही ठराव तितकेच लोकशाहीचे. गावाची सीमा संपली की ग्रामसभेचा अधिकार संपतो, पाणी तर तिथे थांबत नाही. मग निर्णय आपोआप वर सरकतो. पाण्याचे आरक्षण मंत्रालयात मंजूर झाले आणि त्यावरची स्थगितीही मंत्रालयातूनच आली. दोन्ही वेळा दोन्ही तालुक्यांच्या माणसांना एका मांडवात कोणी बसवले नाही.

बसवता आले असते. प्रकल्पांवर कालवा सल्लागार समित्या असतात, आवर्तने तिथे ठरतात. त्यांत लोकप्रतिनिधी आणि अधिकारी यांचाच भरणा असतो. तिथे लाभक्षेत्रातल्या आणि पाणी मागणाऱ्या, अशा दोन्हीकडच्या ग्रामसभांनी निवडलेली माणसे बसवावीत. त्यांच्यापुढे धरणाचा खरा हिशेब ठेवावा: साठा किती, गाळ किती, आधीची आरक्षणे किती आणि त्यातली किती वापरात आहेत, कालव्यात वाटेत किती मुरते. पिण्यासाठी नेलेले पाणी उद्या एमआयडीसीकडे वळणार नाही, हे लेखी बांधून द्यावे. एवढे झाल्यावर तेल्हारा ‘नाही’च म्हणेल असे आम्हाला वाटत नाही.

आपल्या ग्रामसभाही कुठे धड भरतात म्हणा! पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांतली कमी असेल ती गणपूर्ती. तीही होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने पाच-दहा जणांच्या सह्यांवर गावाचा ठराव होतो. असा कागद घेऊन मंत्रालयाशी भांडता येत नाही.

येत्या १ मे रोजी पुन्हा ग्रामसभा आहेत. मोर्णा आणि निर्गुणा ही दोन्ही धरणे पातूर तालुक्यातली, त्यांच्या नद्या उतरतात खाली पूर्णेच्या खोऱ्यात. तालुक्यातल्या गावांनी त्या दिवशी गणपूर्ती करून बसावे, दोन्ही धरणांतल्या आरक्षणाचा लेखी हिशेब पाटबंधारे विभागाकडे मागणारा ठराव घ्यावा, आणि त्याची एक प्रत खालच्या अंगाच्या गावांनाही पाठवावी.