‘निगेटिव्ह’ खरं, पण कोणत्या चाचणीत?

लॅबचा रिपोर्ट हातात आला की नजर थेट एका ओळीवर जाते : ‘अँटी-एचसीव्ही – नॉन-रिॲक्टिव्ह’. म्हणजे हिपॅटायटीस सी नाही, सुटलो! बहुतेकांच्या बाबतीत हे अगदी बरोबर असतं. पण काही जणांना एवढ्या एका ओळीवर निर्धास्त राहून चालत नाही. हे आवाहन त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना आहे.

ही चाचणी विषाणू शोधतच नाही. विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडी तेवढ्या ती शोधते. चोर घरात आहे का, हे पोलीस आले की नाही यावरून ठरवण्यासारखं आहे हे. विषाणू शिरल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तात सापडू शकतो, पण अँटीबॉडी दिसायला साधारण 8 ते 11 आठवडे लागतात. मधल्या काळात रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि माणूस मात्र बाधित असतो. ज्यांची प्रतिकारशक्ती दबलेली आहे, त्यांच्या अँटीबॉडी आणखी उशिरा येतात. कधी चाचणीत दिसण्याइतक्या तयारच होत नाहीत. डायलिसिसवरचे, किडनी बदललेले, एचआयव्ही असलेले आणि केमोथेरपी घेणारे रुग्ण यात मोडतात.

अशांसाठी दुसरी चाचणी आहे : ‘एचसीव्ही आरएनए’, म्हणजे पीसीआर. ती थेट विषाणूचाच माग काढते.

डायलिसिसच्या रुग्णांनी तर हे नीट ध्यानात ठेवावं. आठवड्यातून दोन-तीनदा रक्त मशीनमधून फिरतं, सुया टोचल्या जातात, शेजारच्या खुर्चीवर दुसरा रुग्ण असतो. त्यात डायलिसिसवरच्यांचं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, मुळात कमी राहतं. त्यामुळे संसर्ग असूनही तो आकडा नॉर्मल दिसू शकतो. किडनीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सेंटरवर डायलिसिस घेणाऱ्यांची हिपॅटायटीस सी साठी दर 6 महिन्यांनी तपासणी व्हायला हवी. तुमच्या सेंटरमध्ये ती होते का, आणि कोणत्या पद्धतीने, हे विचारा. विचारायला संकोच कसला? रक्त तुमचं आहे.

थॅलसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त चढवावं लागतं. रक्ताच्या प्रत्येक पिशवीची सी साठी तपासणी सक्तीची आहे; पण दात्याला नुकताच संसर्ग झाला असेल, तर अँटीबॉडीच्या चाचणीतून ती पिशवी निसटू शकते. विषाणूच शोधणारी ‘नॅट’ चाचणी सगळ्याच रक्तपेढ्यांत होत नाही. आईवडिलांनी रक्तपेढीत तिची चौकशी करावी आणि मुलाची ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावी. रक्ताच्या पिशव्यांची सी साठी तपासणी सक्तीची होण्याआधी ज्यांना रक्त चढवलं होतं आणि ज्यांची आजवर तपासणीच झाली नाही, त्यांनी निदान साधी अँटीबॉडी चाचणी तरी करावी.

“मला कधी कावीळ झाली नाही,” हे उत्तर पुरेसं नाही. सी बहुतेकांना डोळे पिवळे न करताच वर्षानुवर्षं लिव्हर पोखरतो. आणि झालीच कावीळ, तर माळ घालून किंवा नाकात थेंब टाकून वेळ दवडू नका.

आता याहून अवघड गोष्ट. अँटीबॉडी निगेटिव्ह, रक्तातलं आरएनए निगेटिव्ह, तरी एसजीपीटी महिनोन्महिने चढलेलं. स्पेनमधल्या संशोधकांनी 2004 मध्ये अशा 100 रुग्णांच्या लिव्हरचे तुकडे तपासले, तेव्हा 57 जणांच्या पेशींत सी चं आरएनए सापडलं. याला ‘ऑकल्ट’, म्हणजे दडून बसलेला संसर्ग म्हणतात. पण त्याचा माग लिव्हरच्या बायोप्सीत किंवा रक्तातल्या पांढऱ्या पेशींत काढावा लागतो. ही नेहमीच्या लॅबमधली चाचणी नाही आणि अशा दडलेल्या संसर्गाच्या महत्त्वाबद्दल तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. म्हणून त्याच्या धास्तीने महागड्या पॅकेजमागे धावू नका. फॅटी लिव्हर, दारू, हिपॅटायटीस बी, चालू असलेली औषधं, स्वतःच्या मनाने घेतलेले काढे आणि चूर्णं यांचा छडा आधी लागू द्या. तरीही कारण सापडलं नाही, तर लिव्हरतज्ज्ञांसमोर हा प्रश्न जरूर मांडा.

म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा तीन गोष्टी स्वतःहून सांगा : रक्त चढवणं, डायलिसिस, ऑपरेशन, टॅटू किंवा एकमेकांची सुई यांपैकी काय आणि कधी झालं, प्रतिकारशक्ती कमी करणारं कोणतं औषध चालू आहे, आणि झालेली चाचणी अँटीबॉडीची होती की आरएनएची. तारीख महत्त्वाची आहे, कारण संसर्गाची शंका ताजी असेल तर आज आरएनए आणि काही महिन्यांनी पुन्हा अँटीबॉडी, असं करावं लागू शकतं.

संसर्ग निघालाच तर हातपाय गाळू नका, घरात भांडीही वेगळी करू नका. एकत्र जेवल्याने, शिवल्याने सी पसरत नाही. रेझर, ब्लेड आणि टूथब्रश तेवढे वेगळे ठेवा. सी वर लस नाही, पण औषध आहे. बहुतेकांना 12 आठवडे गोळ्या पुरतात आणि शंभरातले 95 च्या आसपास रुग्ण बरे होतात. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. एक मात्र लक्षात असू द्या : बरं झाल्यावरही अँटीबॉडी पॉझिटिव्हच राहतात आणि संसर्ग पुन्हा होऊ शकतो. म्हणून त्यानंतर जेव्हा केव्हा शंका येईल, तेव्हा आरएनएचीच चाचणी मागा.